हेल्मेट वाचायचं तर हवेची वाट धरा

डायव्हिंगचं हेल्मेट समोर आलं की बहुतेकांची नजर आधी काचेकडे जाते. तुम्ही आधी हवेची नळी जिथे जोडतात ते तोंड शोधा. तिथे बोट ठेवा आणि हवा आत कुठे जाते, डोक्याभोवती कशी फिरते, कुठून बाहेर पडते, ती वाट शेवटपर्यंत काढा. शंभर वर्षांपूर्वीचं तांब्याचं हेल्मेट असो की आजचं फायबरग्लासचं, ते याच क्रमाने समजतं. त्यावरचा जवळजवळ प्रत्येक भाग पाण्याखाली कुणाला तरी भोगाव्या लागलेल्या अडचणीतून आलाय, आणि त्यातल्या बहुतेक अडचणी हवेच्याच होत्या.

मी रबाळे एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये हेल्मेटं खोलते, साफ करते, झिजलेले भाग बदलते, पुन्हा जुळवून टेस्ट करते. स्वतः पाण्यात उतरत नाही. माझ्या टेबलावर येणारी हेल्मेटं न्हावा-शेव्याच्या धक्क्याखाली, खाडीतल्या पुलांच्या खांबांपाशी किंवा मुंबई हायच्या प्लॅटफॉर्मखाली काम करून आलेली असतात. अधूनमधून कुणीतरी गोणपाटात गुंडाळलेलं पितळी हेल्मेटही आणून ठेवतं आणि विचारतं, "ताई, हे खरं आहे का?" आणि डायव्हिंगचा कोर्स संपवून पहिल्या कामाची वाट बघणारी मुलं येतात. त्यांना हेल्मेट घालता येतं, पण आत काय चाललंय ते कुणी नीट उलगडून सांगितलेलं नसतं. या दोघांनाही मी एकाच पद्धतीने शिकवते. तीच इथे लिहितेय.

आधी बघा, हेल्मेट अंगाला कुठे जोडलंय

हवेच्या वाटेला लागण्याआधी एकच गोष्ट बघून घ्या. हेल्मेट कशावर बसतं? खांद्यावर की मानेवर? एवढ्यावरून निम्मा इतिहास कळतो.

इंग्लंडच्या चार्ल्स डीनने 1823 मध्ये धुरात शिरता यावं म्हणून एका हेल्मेटचं पेटंट घेतलं. ते आगीसाठी होतं. पुढे त्याने आणि त्याचा भाऊ जॉन याने तेच पाण्यासाठी वळवलं. ऑगस्टस सीब या कारागिराने त्यांची हेल्मेटं घडवली. ते हेल्मेट अंगरख्यासारख्या एका कपड्यावर बसायचं, आणि तो कपडा खालून मोकळा होता. वरून पंपाने हवा यायची आणि जास्तीची हवा कमरेपाशी बुडबुड्यांनी निघून जायची. बादलीत पेला पालथा बुडवला की आत हवा राहते, तेच तत्त्व. पेला कलला की पाणी शिरतं, आणि डायव्हर वाकला किंवा पडला की त्याच्या हेल्मेटमध्येही शिरायचं. समुद्राच्या तळाशी काम करायचं आणि वाकायचं नाही, ही अट फार दिवस चालणारी नव्हती.

1830 च्या दशकाच्या शेवटी सीबने पूर्ण बंद पोशाख आणला. हेल्मेट, त्याखाली खांद्या-छातीवर बसणारा धातूचा कॉर्सलेट, आणि कॉर्सलेटच्या कडेला बोल्टांनी आवळलेला रबरी कापडाचा अखंड सूट. इंग्लंडच्या किनाऱ्यालगत स्पिटहेडला 1782 मध्ये बुडालेल्या 'रॉयल जॉर्ज' या युद्धनौकेचे अवशेष काढायचं काम 1839 ते 1843 या काळात कर्नल चार्ल्स पास्ली यांच्या हाताखाली चाललं. या पोशाखाची खरी पारख तिथे झाली. हेल्मेटचा वरचा भाग कॉर्सलेटपासून वेगळा करता यावा ही सूचनाही तिथलीच, असं सांगतात. आज चित्रांत दिसणारं हेल्मेट ते हेच. वरचा गोळा आटे तोडून केलेल्या जोडावर ठेवायचा, एक अष्टमांश फेरी फिरवायचा, आणि मागे खीळ घालून तो उलटा फिरणार नाही याची सोय करायची.

आता कॉर्सलेटवरचे बोल्ट मोजा. बारा असतील तर व्यापारी कामासाठी सर्वात जास्त चाललेला प्रकार. सहा असतील तर ब्रिटिश नौदलाच्या वळणाचा. तीनच असतील तर फ्रेंच किंवा रशियन घराणं, आणि त्यात फिरवायचा जोड सापडणार नाही. तिथे सुटाची रबरी कॉलर हेल्मेट आणि कॉर्सलेटच्या मध्ये दाबून धरतात आणि तिन्ही बोल्ट थेट तिच्यातून जातात.

खांद्यावर बसणाऱ्या हेल्मेटचा एक मोठा परिणाम नीट लक्षात घ्या. ते डोक्याबरोबर फिरत नाही. डोकं आत फिरतं, हेल्मेट जागच्या जागी. म्हणून त्याला दोन्ही बाजूंना खिडक्या लागतात, आणि अमेरिकन नौदलाच्या मार्क फाइव्हला तर वर बघायलाही एक वेगळी खिडकी आहे. आजच्या हेल्मेटला पुढे एकच रुंद पॉलिकार्बोनेटची काच असते, कारण ते मानेवर बसतं आणि मान वळेल तिकडे वळतं. खिडक्या कमी झाल्या त्या जोड बदलल्यामुळे.

हा बदल 1960 च्या दशकात अमेरिकेत झाला. मेक्सिकोच्या आखातात तेलाची कामं वाढली होती, कॅलिफोर्नियात ॲबलोनी नावाच्या समुद्री गोगलगायी काढणारे डायव्हर जुन्या तांब्याच्या हेल्मेटांवर आपल्या सोयीने ठोकाठोक करत होते. लुइझियानाच्या जो सॅव्होईने हलकी हेल्मेटं बनवली. मानेभोवती घट्ट बसणाऱ्या रबरी पट्ट्याचं, म्हणजे नेक डॅमचं, श्रेय सहसा त्यालाच देतात. सूट वेगळा, हेल्मेट वेगळं. सूट फाटला तरी हेल्मेटमधली हवा जात नाही. कॅलिफोर्नियातल्या बॉब कर्बी आणि बेव्ह मॉर्गन यांचं सुपरलाइट 17 हे 1975 मध्ये आलं, आणि आज आपल्याकडच्या कामांवर दिसणारी बहुतेक हेल्मेटं त्याच घराण्यातली आहेत.

वजनाचा फरक हाताने अनुभवण्यासारखा आहे. मार्क फाइव्हचं हेल्मेट आणि छातीचा भाग मिळून सुमारे 25 किलो, आणि शिशाचा पट्टा व बूट धरून अख्खा पोशाख 86 किलोच्या आसपास. आजचं कर्बी मॉर्गन 37 हे हेल्मेट सुमारे 14 किलोचं. जुनं जड होतं याचा दोष कारागिरांना देऊ नका. इतकी हवा धरणारा पोकळ गोळा आणि फुगलेला सूट पाण्यात वर उसळतात, त्यांना खाली धरायला वजन लागायचंच.

हवा आत येते ते तोंड

माझ्या मते हेल्मेटमधला सर्वात महत्त्वाचा भाग इथे आहे आणि तो बाहेरून दिसतही नाही. तो म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, हवा फक्त आत येऊ देणारा, परत जाऊ न देणारा.

तो का, ते आकड्यांनी समजून घ्या. समुद्रात दर 10 मीटरला एक वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो. डायव्हर 30 मीटरवर आहे. हेल्मेटमधली हवाही तितक्याच दाबाची आहे, म्हणून त्याला काही जाणवत नाही. आता वर बोटीवर नळी फुटली. हेल्मेटमधली दाबाची हवा त्या नळीतून वर पळायला लागते. हेल्मेट कडक आहे, ते चेपत नाही, पण बाहेरचं पाणी सुटाला आणि अंगाला दर चौरस सेंटीमीटरला तीन किलोने दाबतंय. माणसाचं अंग त्या कडक हेल्मेटमध्ये वर ढकललं जातं. डायव्हर याला स्क्वीझ म्हणतात. 'रॉयल जॉर्ज'च्या कामावर विल्यम्स नावाच्या एका शिपायाला हे भोगावं लागलं. स्क्वीझची पहिली वैद्यकीय नोंद त्याचीच आहे. त्या वेळच्या हेल्मेटांना हा व्हॉल्व्ह नव्हता.

म्हणून जुनं हेल्मेट हातात आलं की मागच्या बाजूचं हवेचं वाकडं नळकांडं बघा. तो जोड उघडता येत असेल तर आत झडप, तिची बैठक आणि स्प्रिंग आहे का बघा. चामड्याची झडप कडक होऊन तुकडे झाली असेल तरी चालेल, तिची जागा दिसली पाहिजे. जोड घट्ट बसला असेल तर पाना लावून झगडू नका. शंभर वर्षांचे आटे एकदा गेले की पुन्हा तसे होत नाहीत. टॉर्च आणि एक बारीक तार पुरते.

नव्या हेल्मेटमध्ये हाच व्हॉल्व्ह उजव्या हाताला असलेल्या साइड ब्लॉकच्या, म्हणजे आलेली हवा वाटून देणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, तोंडाशी बसतो, अंबिलिकल म्हणजे वरून हवा आणणारा नळ्यांचा जुडगा जोडायच्या जागी. तो रोज, पाण्यात उतरण्याआधी तपासायचा. पद्धत सोपी आहे. अंबिलिकल सोडवून ठेवा. पाठीवरची बेलआउट, म्हणजे संकटकाळच्या हवेची, बाटली जोडून उघडा. स्टेडी फ्लोची, म्हणजे सतत हवा सोडणारी, चावी बंद. आता हेल्मेटवरची इमर्जन्सी चावी उघडा, म्हणजे साइड ब्लॉकमध्ये बाटलीची हवा भरेल. जिथे अंबिलिकल लागतो त्या तोंडाशी गाल न्या किंवा साबणाच्या पाण्याचा थेंब लावा. हवा येत असेल तर हेल्मेट बाजूला. "थोडीशीच येतेय" हे उत्तर मी ऐकून घेत नाही. आतली वाळू, मीठ, ग्रीसचा चिकटा, झिजलेली ओ-रिंग (रबरी कडी), कारण काहीही असो, ते हेल्मेट त्या दिवशी पाण्यात जात नाही. आपल्या खाडीतला गाळ इतका बारीक आहे की तो जिथे जाऊ नये तिथेही जातो, म्हणून हा भाग मी ठरलेल्या तारखेआधीच खोलून धुते.

आत डोक्याभोवती

जुन्या हेल्मेटमध्ये हात घाला आणि आतल्या बाजूने बोट फिरवा. हवेच्या तोंडापासून खिडक्यांकडे जाणाऱ्या चपट्या तांब्याच्या वाटा लागतील, डाग देऊन पत्र्याला चिकटवलेल्या. आलेली कोरडी हवा काचांवरून जावी, म्हणजे श्वासाची वाफ काचेवर बसू नये, हा त्यांचा हेतू. किती साधी आणि किती विचारी सोय! आजच्या हेल्मेटमध्ये स्टेडी फ्लोची चावी उघडली की हवा काचेच्या आतून वाहते, ती हीच युक्ती.

पण या मोठ्या पोकळीचा एक तोटा होता. डायव्हरने सोडलेला श्वास लगेच बाहेर जात नाही, हेल्मेटमध्ये मिसळतो आणि तोच पुन्हा आत घेतला जातो. खोल पाण्यात डायव्हरांना दम लागायचा, गुंगी यायची, काम सोडून वर यावं लागायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश नौदलासाठी काम करताना शरीरक्रियाशास्त्रज्ञ जे. एस. हॉल्डेन यांनी दाखवून दिलं की यामागे कार्बन डायऑक्साइड आहे आणि पंपाने पुरेशी हवा पोचत नाही. डायव्हर जितका खोल, तितकी पंपाची हवा दाबून लहान होते, हे वरच्या लोकांच्या ध्यानात येत नव्हतं. सावकाश, टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टकं हॉल्डेन यांनी 1908 मध्ये प्रसिद्ध केली. ती जास्त नावाजली गेली, पण हेल्मेटकडे बघणाऱ्याने त्यांचं हवेचं कामही तितकंच मानायला हवं.

मग हेलियम आला. खोलवर साध्या हवेतला नायट्रोजन नशा आणतो, म्हणून हेलियम आणि ऑक्सिजनचं मिश्रण. पण हेलियम महाग, तो मिनिटाला शेकडो लिटर पाण्यात सोडून कसा चालेल? अमेरिकन नौदलाने मार्क फाइव्हच्या पाठीवर रसायनाचा डबा बसवला. वायू त्यातून पुन्हा पुन्हा फिरायचा आणि कार्बन डायऑक्साइड तिथे शोषला जायचा. 1939 मध्ये बुडालेली 'स्क्वालस' पाणबुडी सुमारे 74 मीटरवरून वर काढताना हेलियमवरच्या डायव्हरांनी काम केलं. मागे असा डबा लावलेलं तांब्याचं हेल्मेट दिसलं तर ते हेलियमचं, आणि उचलताना दोघं लागतील.

आजचं उत्तर वेगळं आहे. हेल्मेटच्या आत नाका-तोंडावर बसणारा लहान रबरी मास्क, आणि श्वास ओढला तेवढीच हवा देणारा डिमांड रेग्युलेटर. सोडलेला श्वास साठायला जागाच उरत नाही. हवा किती वाचते तेही बघा. अमेरिकन नौदलाच्या हिशोबात मार्क फाइव्हला डायव्हरच्या खोलीवर मोजून मिनिटाला किमान 4.5 घनफूट हवा लागायची. कर्बी मॉर्गनसारख्या डिमांड हेल्मेटला 1.4 पुरते. पाठीवरची बाटली संकटात काही मिनिटं तरी टिकते ती या फरकामुळे.

मुंबई हाय 1974 मध्ये सापडलं आणि 1976 मध्ये तिथून तेल निघू लागलं. तिथे पाणी 75 मीटरच्या आसपास खोल आहे. ते काम साध्या हवेवर होत नाही. डायव्हर दाबाच्या खोलीत राहतात, डायव्हिंग बेल नावाच्या बंद कोठीतून खाली जातात आणि हेलियमच्या मिश्रणावर श्वास घेतात. अशा कामात सोडलेला वायूही वर परत ओढून घेणारी हेल्मेटं वापरतात. त्यांना दुसरी नळी असते आणि बाहेर सोडण्याची झडप नेहमीपेक्षा कितीतरी गुंतागुंतीची. ती झडप खोलायचं शिक्षण वेगळं घ्यावं लागतं. नुसतं वाचून तिला हात लावू नका.

हवा बाहेर जाते ते तोंड

जुन्या हेल्मेटच्या उजव्या बाजूला, कानाच्या जरा मागे, जाळीदार टोपी असलेला बाहेर सोडण्याचा व्हॉल्व्ह दिसेल. आत बघा, त्याचं टोक डोक्याजवळ आलेलं असतं. डायव्हर डोक्याने किंवा हनुवटीने ते दाबायचा आणि जास्तीची हवा सोडायचा. किती हवा ठेवायची, किती सोडायची, हे त्याला सतत करत राहावं लागे. कमी सोडली की सूट फुगतो आणि माणूस उलटापालटा होत वर फेकला जातो. जास्त सोडली की पाणी अंगाला आवळतं. डाव्या बाजूला पुढे आणखी एक लहान तोटी असते, स्पिटकॉक. ती उघडून थोडं पाणी तोंडात घ्यायचं आणि काचेवर फवारायचं, की काच साफ. किंचित हवा सोडायलाही ती कामी यायची.

आजच्या हेल्मेटमध्ये सोडलेला श्वास रेग्युलेटरमधून खाली जातो आणि मिश्यांसारख्या दोन रबरी वाटांनी दोन्ही बाजूंना निघतो. डायव्हरला त्यासाठी काहीच करावं लागत नाही. पण ठाण्याच्या खाडीत काम करणाऱ्यांनी या झडपांकडे सर्वात जास्त लक्ष द्यायला हवं. बाहेरचं पाणी घाण आहे. रबराची पातळ झडप जराशी वळली, तिच्याखाली केसाएवढी काडी अडकली, की श्वास ओढताना पाण्याचे बारीक थेंब आत येतात आणि ते फुप्फुसांपर्यंत जातात. अशा पाण्यासाठी एकामागे एक झडपा असलेली, चार झडपांची एक्झॉस्ट (हवा बाहेर सोडायची जोडणी) मिळते. खाडीतल्या नियमित कामाला तीच लावा असं मी प्रत्येक सुपरवायझरला सांगते. पोट बिघडलेल्या, कान वाहणाऱ्या डायव्हरांकडून मी पुरेसं ऐकलंय.

झडप तपासताना ती उजेडात धरा. कड सरळ हवी, मध्ये चिरा नकोत. बोटाने ताणून बघू नका, तिथेच ती फाटायला लागते.

गोणपाटातलं पितळी हेल्मेट

आता ज्यांच्या हातात चोरबाजारातून किंवा भंगारवाल्याकडून आलेलं चकचकीत हेल्मेट आहे त्यांच्यासाठी. वरची वाट त्याच्यावर काढून बघा, बहुतेक वेळा उत्तर लगेच मिळतं. शोभेसाठी बनवलेल्या हेल्मेटमध्ये हवेला वाटच नसते. नळीचं तोंड आत बंद असतं, झडप नसते, काचांकडे जाणाऱ्या चपट्या वाटा नसतात, बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह नुसता खिळ्याने लावलेला असतो.

मार्क फाइव्हची पाटी पाहून भुलू नका, शोभेच्या हेल्मेटांवर ती सर्रास असते. पाटी रिव्हेट करायला पाच मिनिटं लागतात. त्यापेक्षा गोळा फिरवून बघा. खऱ्यात तो अष्टमांश फेरीत घट्ट बसतो आणि पुढची काच बरोबर समोर येते. मानेच्या कड्यावर आणि कॉर्सलेटवर ठोकलेले नंबर शोधा, आणि ते एकमेकांशी जुळतात का बघा. कामाच्या हेल्मेटांची अदलाबदल व्हायची, त्यामुळे नंबर न जुळणं म्हणजे खोटं असं नाही, पण जुळले तर आनंदाची गोष्ट. बोल्टवरच्या पट्ट्यांचाही जोड बघा. त्या कॉर्सलेटच्या वळणाला तंतोतंत बसायला हव्यात, नाहीतर रबर दाबलंच जाणार नाही.

तांब्याच्या आतल्या अंगाला, कोपऱ्यांत राखाडी पांढरट थर दिसतो का? ती कल्हई आहे. बरीच जुनी हेल्मेटं आतबाहेर कल्हई केलेली असायची. लोक ती घासून तांबं लखलखीत काढतात आणि मला आणून दाखवतात, तेव्हा जीव कळवळतो. घासण्यात कल्हई जाते, ठोकलेले नंबर पुसट होतात. कोमट पाणी, मऊ ब्रश, सौम्य साबण, कोरडं फडकं, याच्यापुढे जाऊ नका. हिरवा थर आणि काचेभोवतीचं लालसर लुकण यांना हातमोजे घालून हात लावा, त्या लुकणात शिसं असतं. लहान मुलांच्या डोक्यावर फोटोसाठी ते ठेवू नका.

आणि खरं निघालं म्हणून ते घालून पाण्यात उतरायचा विचार मनात आणू नका. चामडं वाळलेलं, झडप मेलेली, डाग सुटलेले. त्याचं काम संपलंय, आता ते बघून शिकायचं.

नवं हेल्मेट घालण्याआधी

मुलांनो, आता तुमचं. हीच वाट धरून सकाळची तपासणी करा.

अंबिलिकलचा ताण हार्नेसवर यायला हवा, हेल्मेटवर नाही. नळी ओढली गेली तर डोकं ओढलं जाता कामा नये. मग नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, वर सांगितल्याप्रमाणे. मग बेलआउट. बाटलीत दाब किती ते स्वतः वाचा, टेंडरने, म्हणजे वर थांबून तुम्हाला सांभाळणाऱ्या मदतनीसाने, सांगितलेलं धरून चालू नका. बाटलीचा दाब कमी करणाऱ्या पहिल्या स्टेजवर ओव्हरप्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जास्तीचा दाब सोडणारी झडप, असायलाच हवा. तो नसेल आणि स्टेज गळत असेल तर दाब साठून मधली नळीच फुटते. बाटलीची चावी उघडी आणि हेल्मेटवरची इमर्जन्सी चावी बंद, ही साधारण रीत. तुमच्या कंपनीची कार्यपद्धती काय म्हणते ते आधी विचारून घ्या आणि तेच पाळा.

इमर्जन्सी चावी डोळे मिटून सापडली पाहिजे. खाडीत स्वतःचा हात काचेसमोर धरला तरी दिसत नाही. हातमोजे घालून, डोळे मिटून, बसल्या जागी सराव करा. आणि न्यूमोची नळी, जिने वरचे लोक तुमची खोली मोजतात, ती नेक डॅमखालून हेल्मेटमध्ये सारली तर वरून तिच्यातून हवा देता येते. मुख्य हवा गेली, बाटलीही संपत आली, तर ही तिसरी वाट. तीही कोरड्यावर करून बघा.

नेक डॅम तुमच्या मानेचा हवा. दुसऱ्याचा मोठा असेल तर गळतो, लहान असेल तर मानेतल्या रक्तवाहिन्या दाबतो आणि चक्कर येते. मानेच्या कड्याची ओ-रिंग बोटाने पूर्ण फेरी तपासा. एक केस पुरतो. हेल्मेटला मानेचं कडं धरून ठेवणाऱ्या दोन्ही पिना बसल्याचा आवाज ऐका, आणि मग टेंडरला हाताने ओढून बघायला सांगा. तुम्हाला त्या दिसत नाहीत, त्याला दिसतात.

मास्क नाकातोंडावर बसतो का, कान मोकळे करायला नाक दाबणारी गादी पोचते का, बोलणं दोन्हीकडून स्पष्ट येतं का. स्टेडी फ्लो उघडून बंद करा. रेग्युलेटरचा नॉब दोन्ही टोकांना फिरवून श्वास घ्या. वेळ हाताशी असेल तर हे सगळं भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो त्या, दिवसांत निवांत होतं. उधाणाच्या दिवसांत पाणी थांबतं तेवढ्या थोड्या वेळात काम उरकायची घाई असते, आणि तपासणी कापली जाते ती त्याच दिवशी. त्या दिवशी अर्धा तास लवकर या.

वर आल्यावर हेल्मेट गोड्या पाण्याने धुवा, चाव्या उघडबंद करत धुवा. मास्क काढून जंतुनाशकात बुडवा, मग पुन्हा धुवा. ऑक्सिजन जास्त असलेलं मिश्रण जिथून जाणार त्या भागाला साधं ग्रीस कधीही लावायचं नाही, पेट घेतं. तिथे फक्त त्यासाठीचं वंगण, तेही नखाएवढं. मग उन्हात न ठेवता, काच वर करून, पिशवी अर्धी उघडी ठेवून सुकू द्या. काही खटकलं असेल, नॉब जड फिरला असेल, एखादा थेंब आत आला असेल, तर ते त्याच संध्याकाळी हेल्मेटच्या नंबरासकट लॉगबुकात लिहा आणि चिठ्ठी हेल्मेटला बांधा. बरेचदा हेल्मेट माझ्याकडे नुसतं "सर्व्हिसिंग" लिहून येतं. "खाली गेल्यावर डावीकडून पाणी" एवढे चार शब्द असले, तर कुठली झडप आधी काढायची ते मला कळतं.